श्रद्धेचा जामीन कोण?

इंग्रजी भाषेतील ‘बिलीव्ह’ हे क्रियापद सोमवार ते शनिवार ज्या कामाला जुंपलेले असते, त्याच्या अगदी विरुद्ध काम त्याच्याकडून रविवारी सकाळी करून घेतले जाते, आणि तरीही एका शब्दाने अशी दुहेरी चाकरी करावी याचे त्या भाषेत जन्मलेल्या मंडळींना सहसा नवल वाटत नाही. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी कुणा इंग्रज गृहस्थाला गाडीची वेळ विचारली आणि त्याने ‘आय बिलीव्ह’ असा आरंभ करून दहाचा आकडा सांगितला, तर ऐकणाऱ्याने ओळखावे की वेळापत्रक एकदा स्वतः पाहून घेतलेले बरे. कारण ज्याला वेळ पक्की ठाऊक असते तो ‘बिलीव्ह’ म्हणण्याच्या भरीस पडत नाही, नुसती वेळ सांगून मोकळा होतो. तोच गृहस्थ रविवारी चर्चमध्ये उभा राहून, चारचौघांच्या सुरात सूर मिळवून, ‘आय बिलीव्ह’ याच दोन शब्दांनी सुरू होणारा मतांगीकार म्हणू लागतो, तेव्हा मात्र ‘मला आपले असे वाटते, पण तुम्ही खात्री करून घ्या’ असा त्यांचा अर्थ लावण्याची कोणाची छाती होत नाही. जो शब्द बाजारात संशयाची पुस्ती जोडतो, तोच प्रार्थनामंदिरात निःसंशयतेची परिसीमा दाखवतो.

या क्रियापदाचे जे पर्याय इंग्रजी कोशकार देतात, त्यांतही हीच फाळणी दिसते. थिंक, सपोज, रेकन, फॅन्सी ही मंडळी एका पंगतीची. अंदाज, अटकळ, समजूत, कल्पना यांच्या पलीकडे त्यांची झेप नाही. ट्रस्ट, रिलाय, क्रेडिट ही दुसऱ्या पंगतीची. तेथे मनुष्य काहीतरी दुसऱ्याच्या हवाली करतो, कोणावर तरी भिस्त ठेवतो, आणि ती भिस्त चुकली तर त्याचे काहीतरी बुडते. ‘बिलीव्ह’ दोन्ही पंगतींत जेवून येते. केवळ कोशाचा हा मामला असता तर तो कोशकारांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु धर्म जेव्हा माणसाकडे श्रद्धा मागतो, तेव्हा तो एखाद्या विधानाला संमती मागतो, की कोणावर तरी भार टाकायला सांगतो, आणि जे काही मागितले जाते ते देणे न देणे माणसाच्या हाती असते काय, या प्रश्नांची गुंतागुंत पुष्कळशी या एका क्रियापदाच्या दुटप्पी वागण्यातून वाढलेली आहे, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर ती आपल्याही घरात आली आहे.

शब्दाचे मूळ शोधीत गेले तर तेथे विधान नाही आणि संमतीही नाही. ‘बिलीव्ह’च्या पोटात जो जुना इंग्रजी धातू आहे त्याचे नाते ‘लीफ’ म्हणजे प्रिय या आज जवळजवळ लोपलेल्या शब्दाशी आहे, आणि जर्मन भाषेतील ‘लीब’ म्हणजे प्रिय व ‘ग्लाउबेन’ म्हणजे श्रद्धा ठेवणे हे दोन शब्दही त्याच गोतातले. तेव्हा प्रारंभी या क्रियेचा अर्थ एखाद्याला आपलासा मानून जवळ धरणे असाच काहीसा असला पाहिजे. दुसरी एक गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही. ग्रीक भाषेत श्रद्धा हे नाम आणि श्रद्धा ठेवणे हे क्रियापद एकाच मुळापासून निघतात. इतके की योहानाच्या शुभवर्तमानात ते क्रियापद शंभराच्या आसपास वेळा येते आणि नाम मात्र एकदाही येत नाही. लॅटिनमध्ये ‘फिदेस’ हे नाम होते, पण या कामी त्याचे क्रियापद उपयोगी पडण्याजोगे नव्हते, म्हणून ‘क्रेदो’ हे दुसऱ्याच कुळातले क्रियापद त्याच्या जोडीला बसवावे लागले. आणि इंग्रजीने तर ‘फेथ’ हे नाम एकीकडून व ‘बिलीव्ह’ हे क्रियापद दुसरीकडून घेऊन संसार थाटला. नाम लॅटिनच्या घरचे आणि क्रियापद जर्मनांच्या, असे झाल्यामुळे क्रियापदाचा अर्थ नामाच्या नकळत सरकत गेला तरी घरात कोणाला पत्ता लागला नाही.

तो सरकला कसा, याची साधार हकिगत विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनेडियन पंडिताने १९७७ आणि १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत सांगितली आहे. हा गृहस्थ १९४०च्या दशकात लाहोरला अध्यापक होता, आणि मुसलमान, शीख व हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात त्याला आपल्या भाषेतील या शब्दाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय लागली असावी, असा माझा तर्क आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की सतराव्या शतकापर्यंत ‘बिलीव्ह’चे कर्म बहुधा व्यक्ती असे, पुढे ते हळूहळू विधान झाले, आणि त्याहीपुढे ते असे विधान झाले की ज्याच्या खरेपणाविषयी बोलणाऱ्यालाच शंका असावी. हे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते, पण सर्वस्वी नाही. इसवी सन ३२५मध्ये नायसिया येथे जमलेल्या बिशपांमध्ये पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही यावर जे रण माजले, आणि पुढे ‘एकतत्त्व’ की ‘समतत्त्व’ अशा एका स्वराच्या फरकासाठी ज्यांनी एकमेकांना धर्मबाह्य ठरवले, त्यांना विधानांची पर्वा नव्हती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. व्यक्तीवरील भाव आणि विधानावरील आग्रह हे दोन्ही प्रवाह त्या धर्मात प्रारंभापासून एकत्र वाहत आले आहेत. अर्वाचीन काळात दुसऱ्याला पूर आला आणि पहिल्याचे पाणी आटले, एवढेच.

‘क्रेदो’ आणि आपली ‘श्रद्धा’ या सख्ख्या बहिणी आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांत सर्वमान्य आहे. हृदय ठेवणे असा या मुळाचा अर्थ युरोपीय पंडितांनी लावला. आपल्याकडच्या निघंटूने मात्र ‘श्रत्’ हा शब्द सत्याच्या नामावळीत बसवला, म्हणजे श्रद्धा हे सत्याचे आधान ठरले. यातला कोणता अर्थ ऐतिहासिक दृष्ट्या खरा, याचा निकाल माझ्या कुवतीबाहेरचा आहे; परंतु गोव्यातला कोकणी भाषक ख्रिस्ती आपला मतांगीकार ‘सत मानतां’ या शब्दांनी म्हणतो, आणि श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतो, हे पाहिले म्हणजे निघंटुकारांनी संतोषाने मान डोलावली असती असे वाटते. राशोल येथे १६१६ साली ज्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले तो फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज होता. त्याच्या मातृभाषेत ‘बिलीव्ह’ हे क्रियापद अजून बरेचसे जुन्या अर्थाने नांदत असतानाच तो १५७९ साली गोव्यात उतरला, आणि येथल्या भाषांत आपला धर्म सांगायला बसला तेव्हा त्याला भाव आणि भक्ती यांचा प्रदेश आयताच नांगरून ठेवलेला मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रद्धा ही माणसाच्या इच्छेची बाब आहे काय? मराठी बोलणारा याचे उत्तर व्याकरणातच देऊन बसला आहे. एखादी गोष्ट त्याला ‘वाटते’, ‘पटते’, तिच्यावर त्याचा विश्वास ‘बसतो’. येथे तो कर्ता नाहीच, जे घडते ते त्याच्या ठायी आपोआप घडते. परंतु तोच मनुष्य दुसऱ्यावर विश्वास ‘ठेवतो’, किंवा त्याच्या शब्दावर ‘विसंबतो’, तेव्हा तो स्वतः काही करतो, आणि जे करतो त्याचा जाब त्याला विचारता येतो. (वर्तमानपत्री मराठीत अलीकडे ‘माझा विश्वास आहे की पाऊस येईल’ अशी वाक्ये दिसतात. ज्याला पाऊस येईलसे वाटते त्याने तसे म्हणावे. विश्वास हा मोठा ऐवज आहे, तो असा वाऱ्यावर सोडू नये. नाहीतरी आपल्याकडचा विश्वास पानिपतावरच गेला, असे म्हणण्याची रीत आहेच.) डेव्हिड ह्यूमने १७३९ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात विश्वास म्हणजे कल्पनेला आलेला एक विशिष्ट जिवंतपणा होय, आणि तो इच्छेच्या हुकमाने आणता येत नाही, असे जे प्रतिपादन केले ते या ‘बसण्या’विषयी आहे. त्याच्याही आधी पास्कालने, ईश्वर आहे या बाजूवर पैज लावणेच शहाणपणाचे, असा हिशेब मांडून दाखवल्यावर, हिशेब पटतो पण विश्वास बसत नाही अशी तक्रार करणाऱ्याला जो सल्ला दिला तोही हेच सुचवतो: तीर्थजल घे, प्रार्थनेला जा, विश्वास असणारे जे जे करतात ते ते करू लाग, मग विश्वास मागाहून येईल. म्हणजे जे बसवता येत नाही ते बसावे म्हणून, जे ठेवता येते तेथून आरंभ करायचा. वारकऱ्याला गळ्यात तुळशीची माळ घालताना ईश्वराच्या अस्तित्वाविषयी कोणती विधाने मान्य आहेत असे कोणी पुसत नाही. एकादशी कर, वारी चुकवू नको, एवढेच सांगतात. पास्कालला हा रिवाज मानवला असता.

परंतु जे आपोआप बसते त्याबद्दल माणसाला दोष देता येतो काय? या प्रश्नाला विल्यम किंग्डन क्लिफर्ड याने दिलेले उत्तर नीतिशास्त्राच्या इतिहासात गाजले आहे, आणि त्याने घेतलेले उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एक जहाजमालक आहे; त्याचे जहाज जुने झालेले, मुळातच फारसे पक्के न बांधलेले, कितीतरी वेळा दुरुस्तीला गेलेले; आणि त्यातून आता परदेशी वसाहत करायला निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे रवाना व्हायची आहेत. जहाज सफरीला लायक नसेल, हा संशय त्याच्या मनाला टोचू लागतो. पुरती तपासणी करून डागडुजी करवावी तर खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी या जहाजाने सुखरूप केल्या, इतकी वादळे झेलली, ही एक सफर ते करणार नाही कशावरून? शिवाय, मायदेश सोडून निघालेल्या या गरिबांचा सांभाळ ईश्वर करणारच. असा हळूहळू त्याच्या मनात जहाजाच्या मजबुतीविषयी अगदी खराखुरा, निखळ विश्वास उत्पन्न होतो. तो हलक्या अंतःकरणाने जहाजाला निरोप देतो, आणि ते भर समुद्रात बुडाल्यावर विम्याची रक्कम निमूटपणे वसूल करतो. क्लिफर्ड म्हणतो की हा मनुष्य त्या सर्वांच्या मृत्यूचा अपराधी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता ही सबब त्याला उपयोगी पडणार नाही, कारण समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी त्याचा अपराध तिळमात्र कमी झाला नसता.

क्लिफर्ड हा गणिती. वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, १८७९ साली, क्षयाने वारला. ग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी निघालेल्या मंडळींबरोबर असताना १८७० साली सिसिलीच्या किनाऱ्याजवळ त्याचे स्वतःचे जहाज फुटले होते, तेव्हा हे उदाहरण त्याने अभ्यासिकेच्या खिडकीतून पाहिलेले नव्हते. शिवाय कुजक्या जहाजांत खलाशांना घालून विम्यावर डोळा ठेवणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युएल प्लिम्सॉलने पार्लमेंटात उठवलेले रान त्याच सुमाराचे. हे उदाहरण ज्यात आहे तो निबंध क्लिफर्डने १८७६ साली लंडनच्या मेटॅफिजिकल सोसायटीत वाचला. त्या मंडळाचा एक सभासद होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, ज्याच्या हातचा १८७२चा पुराव्याचा कायदा पुढची दीडशे वर्षे आपल्या कोर्टांतून चालत राहिला. एखादी गोष्ट शाबीत झाली असे केव्हा म्हणावे, याची व्याख्या करताना स्टीफनने न्यायाधीशाकडे गणिती निश्चिती मागितली नाही. तिच्या अस्तित्वावर त्याचा विश्वास बसला पाहिजे, किंवा शहाण्या माणसाने ती आहे असे धरून वागावे इतकी ती संभाव्य वाटली पाहिजे, एवढ्यावर तो थांबला. त्याहून मला नवल वाटते ते १८६०च्या दंडसंहितेचे. तीत सद्भावाची जी व्याख्या होती ती सांगत असे की योग्य ती काळजी आणि अवधान न ठेवता केलेली कृतीच केवळ नव्हे, तर तसा बाळगलेला विश्वासदेखील सद्भावपूर्वक बाळगला असे म्हणता येणार नाही. क्लिफर्ड अजून शाळकरी वयात असताना त्याचा सिद्धान्त हिंदुस्थानच्या फौजदार-मॅजिस्ट्रेटांच्या टेबलावर कलमाच्या रूपाने येऊन पडलेला होता.

क्लिफर्डचा आग्रह मात्र कायद्याहून कडक होता. अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे हे कोणालाही, कोठेही, केव्हाही अयोग्यच, असा तो फतवा काढतो. याच्याविरुद्ध विल्यम जेम्स याने १८९६ साली येल आणि ब्राउन या विद्यापीठांतील तत्त्वज्ञानमंडळांपुढे जे व्याख्यान दिले, त्यात त्याचाही मोहरा एका दाखल्यावर आहे. तू माझा स्नेही आहेस की नाही, याचा पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत मी तुझ्याशी अंतर राखूनच वागेन, असा जो हट्ट धरतो, त्याला स्नेह कधीच लाभायचा नाही. कारण येथे विश्वास आधी टाकावा लागतो, आणि त्या टाकण्यानेच तो खरा ठरण्याची वाट मोकळी होते. ईश्वराविषयीची श्रद्धा या जातीची असू शकेल, आणि तसे असेल तर पुराव्याची वाट पाहत बसणारा मनुष्य सावध नसून केवळ घाबरट असेल, असे जेम्सला म्हणायचे आहे.

शंभरावर वर्षे हा वाद विद्यार्थ्यांना पढवला जात आहे, आणि बहुधा पुराव्याचे प्रमाण किती असावे या मुद्द्यावर तो लढवला जातो. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. दोन्ही दाखले शेजारी ठेवून पाहावे: क्लिफर्डच्या गोष्टीत विश्वास मालकाचा आणि बुडतात ते उतारू, जेम्सच्या गोष्टीत विश्वास ज्याचा, तो फसला तर मान खाली जाते तीही त्याचीच. एकाने दुसऱ्यांना पणाला लावले, दुसऱ्याने स्वतःला. जहाजमालकाला, तू स्वतः बायकामुलांसह याच गलबतातून जाशील काय, एवढा एकच प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याच्या विश्वासाचा कस पुराव्याच्या कोणत्याही नियमापेक्षा लवकर लागला असता. विश्वास आतून पाहणाऱ्याला विश्वासासारखा दिसतच नाही, तो वस्तुस्थितीसारखाच दिसतो. खोटा विश्वास बाळगणे अशा अर्थाचे एखादे क्रियापद असते तर ते प्रथमपुरुषी वर्तमानकाळात चालवता आले नसते, असा मार्मिक शेरा व्हिट्गेन्श्टाइनने मारला आहे. म्हणून ज्याचा त्याने आपला विश्वास तपासावा हा उपदेश सांगायला सोपा आणि पाळायला जवळजवळ अशक्य. नुकसान कोणाच्या माथी बसणार, हे मात्र बाहेरून दिसते, आणि आतूनही पाहायचे म्हटले तर दिसते.

जुन्या पेढ्यांचे व्यवहार याच नजरेने चालत. इंग्रजीत ‘क्रेदो’च्याच पोटचा ‘क्रेडिट’ हा शब्द आहे, आणि आपल्याकडे त्या जागी पत आहे. शाहजोग हुंडी असे तिच्या मजकुरानेच ठरवलेले असे की रक्कम वाटेल त्या धारकाला न देता बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच द्यायची. हुंडी पुढे खोटी किंवा चोरीची निघाली, तर पैसे उचलणारा तो शाह परतफेडीला बांधलेला असे. आड्यावर टांगलेल्या दिव्याच्या उजेडात ती चिठ्ठी वाचणारा मुनीम अस्तिनास्तीचा विचार करीत नसे. तो इतकेच पाहत असे की सही करणाऱ्याच्या मागे काही आहे, आणि चूक झाली तर भरून द्यायला तो जागेवर सापडेल. न्यायदर्शनानेही शब्दप्रमाणाचा विचार करताना वाक्यापेक्षा बोलणारा तपासला. ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषीला, आर्याला व म्लेंच्छाला सारखेच लागू, असे वात्स्यायनाने लिहून ठेवले. त्याच्या नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत हे वाक्य आपण किती पाळले, तो विषय निराळा.

कठोपनिषदाचा आरंभ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आहे, आणि दक्षिणा म्हणून ज्या गाई नेल्या जात आहेत त्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध काढून झाले, आता त्यांना वासरू व्हायचे नाही. पिता यज्ञावर विश्वास ठेवणारा खराच, एरवी तो एवढा खटाटोप करता ना. परंतु त्या विश्वासाची तोशीस त्याने मोठ्या खुबीने दुसऱ्यांवर ढकलली आहे. स्वर्ग यजमानाला, आणि भाकड गाई पोसण्याचा खर्च ऋत्विजांना! हे पाहत असता कोवळ्या नचिकेत्याच्या ठायी श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद सांगते. श्रद्धा शिरल्याबरोबर त्या मुलाने पहिली गोष्ट केली ती डोळे मिटण्याची नव्हे, तर विचारण्याची: बाबा, मला कोणाला देणार? दान खरेच सर्वस्वाचे असेल तर त्यात मीही आलो. एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा चिडलेला बाप म्हणाला, जा, तुला मृत्यूला दिला. आणि मुलगा तो शब्द खरा धरून यमाच्या दारी जाऊन बसला. शंकराचार्य येथे श्रद्धेचा अर्थ आस्तिक्यबुद्धी असा करतात. तो बरोबरच आहे. पण आस्तिक्यबुद्धी बापापाशीही होती. बापाला फाटा देऊन श्रद्धा मुलापाशी का गेली, याचा उलगडा त्या अर्थाने होत नाही. माझ्या मते तो गाईंच्या वर्णनातच झालेला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो क्लिफर्डच्या बाजूचा आहे. पूर्णपणे खाजगी असा विश्वास असतो तरी कोठे? मांत्रिकावर श्रद्धा असलेला बाप तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न नेता अंगाऱ्यावर ठेवतो, तेव्हा तो स्वतःला प्रामाणिकपणे त्या मुलाहून वेगळा समजत नसतो. माझेच मूल आहे, मीच तर पणाला लागलो आहे, असे तो म्हणेल. त्याहून अवघड प्रकार सहगमनाचा. १८२९ साली बेंटिंकने तो कायद्याने बंद केला, त्यावेळी त्या चालीच्या पाठीराख्यांची मुख्य कैफियत हीच होती की स्त्री आपल्या श्रद्धेने, आपल्या इच्छेने, आपला देह अर्पण करते. अशा ठिकाणी आत्मसमर्पणाची भाषा बोलणारे बहुधा चितेच्या बाहेर उभे असतात, आणि ज्याचा देह जळतो त्याच्या इच्छेचा दाखला दुसरेच देत असतात. तेव्हा कोण पणाला लागले, एवढे विचारून भागत नाही. त्याला कोणी लावले, हेही विचारावे लागते, आणि उत्तर देणारा तोंडाने काय म्हणतो यापेक्षा त्याला नाही म्हणण्याची सोय होती की नाही हे पाहावे लागते. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यामध्ये रेघ कोठे ओढायची यावर महाराष्ट्रात जे वाद झाले ते प्रायः श्रद्धेच्या विषयावरून झाले: अमुक मानणे शहाणपणाचे, तमुक मानणे अडाणीपणाचे. विषयापेक्षा झीज कोण सोसतो हे पाहिले तर पुष्कळ सुशिक्षित, सुसंस्कृत, वर्तमानपत्रांतून कौतुक होणाऱ्या श्रद्धा रेघेच्या पलीकडे जाऊन पडतील, आणि पायांत वहाणा नसलेल्या काही म्हाताऱ्या अलीकडे येतील.

कायदा या बाबतीत धर्मशास्त्रापेक्षा अधिक शहाणपणाने वागला आहे, पण तो शहाणपणा त्याला ठेच लागूनच आला. दिवाणी दाव्याच्या वादपत्राखाली पक्षकाराला सत्यापन करावे लागते. १९०८च्या संहितेप्रमाणे त्यात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आहेत आणि कोणते ऐकीव माहितीवरून खरे समजतो, हे क्रमांकवार निराळे सांगावे लागते. जाणणे आणि मानणे यांत घोटाळा होऊ नये म्हणून इतकी खबरदारी एकाही मतांगीकाराने घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. परंतु पार्लमेंटाला हे सहज सुचले नव्हते. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड निरीश्वरवादी नॉर्थॅम्प्टनमधून १८८० साली निवडून आला, आणि ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी आपल्याला नुसती प्रतिज्ञा करू द्यावी, अशी त्याने मागणी केली. ती नाकारली गेली. मग तो शपथ घ्यायला तयार झाला, तर ज्याचा ईश्वरावर विश्वास नाही त्याला ती बंधनकारक होणार नाही म्हणून तीही त्याला घेऊ देईनात. क्लॉक टॉवरमध्ये त्याला कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गेली. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले आणि सभागृहाने पुनःपुन्हा बाहेर काढले. यातली गंमत अशी की ज्या सभासदांनी शपथेचे शब्द चहाच्या पेल्याइतक्या सहजतेने गिळले, त्यांच्या श्रद्धेची झडती कोणी घेतली नाही, आणि त्या शब्दांचा अर्थ मनावर घेऊन अडून बसलेल्या एका माणसाने मात्र सहा वर्षे आपली जागा, आपला पैसा आणि आपली प्रकृती त्यापायी घालवली. १८८६च्या जानेवारीत नव्या स्पीकरने कोणाचीही हरकत ऐकून न घेता त्याला शपथ घेऊ दिली, आणि दोनच वर्षांनी त्याच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा झाला. १८८९ साली मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला तो मुद्दाम आला होता. १८९१ साली तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला जमलेल्या हिंदी लोकांत कायद्याचा एक तरुण विद्यार्थी होता, त्याचे नाव मोहनदास गांधी.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे जे नमुने दिले आहेत त्यांत ब्रॅडलॉने मागितलेला पर्याय सुरुवातीपासूनच घातलेला आहे. नवी विधानसभा बसते त्या दिवशी मुंबईत कोणी सदस्य ईश्वरसाक्ष शपथ घेतो, कोणी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो, आणि कामकाजाच्या नोंदीत दोघांची किंमत सारखीच लागते. त्यापुढच्या शब्दांत मात्र दोघांनाही निवड नाही: संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याचे वचन आस्तिकालाही द्यावे लागते आणि नास्तिकालाही. संविधान आहे असे तुम्हाला वाटते काय, असे त्या वेळी त्यांना कोणी विचारीत नाही. आणि पुढच्या पाच वर्षांत त्या श्रद्धेपायी काही सोसायची वेळ आलीच, तर ते त्यांनी सोसायचे की ज्यांनी त्यांना निवडून दिले त्यांनी, याचा खुलासा अनुसूचीत केलेला नाही.